यंत्रास जाळी हवी

इसवी सन १८७५ हे साल महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या साली पुण्यास न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वसंतातल्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र जमावे, एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि समाजापुढील प्रश्नांचा मोकळेपणाने विचार व्हावा, ही प्रथा तेथून पडली. आज गावोगावी भरणाऱ्या व्याख्यानमाला या त्याच वृक्षाच्या फांद्या होत. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील कामाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. दुसरी मात्र जवळजवळ विसरून गेलो आहोत. आज त्या दुसऱ्या गोष्टीचे स्मरण करावे असा आमचा विचार आहे, आणि त्याला कारण आहे.

आमचा विषय वरवर पाहता अगदी आजचा आहे. आपल्या घरातील तेरा ते अठरा वर्षांची मुले हातातील मोबाइलच्या द्वारे ज्या अफाट जगात वावरतात, तेथे त्यांचे रक्षण कसे व्हावे आणि तेथे त्यांनी जबाबदारीने कसे वागावे, हा तो विषय. पुष्कळ लोक म्हणतात की असला प्रश्न पूर्वी कधी कोणापुढे आलाच नव्हता. तेव्हा इतिहासाला काय विचारावयाचे? आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न पूर्वी आला होता. नवे, शक्तिमान, दिवसरात्र चालणारे यंत्र, त्याच्यापाशी उभे असलेले मूल, घरातली गरज, मालकाचा नफा आणि सरकारचा संकोच, ही सगळी पात्रे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या रंगभूमीवर येऊन गेली आहेत. आणि ज्या नगरात आपण राहतो ते तर यंत्रांचेच नगर आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण येथील माणसाला यंत्र म्हणजे काय, त्याची जाळी म्हणजे काय, आणि ती नसली म्हणजे काय होते, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८७५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून काम थोडे कमी. एवढाच काय तो निसर्गाचा दयाभाव. आठवड्याची सुटी नाही. या गिरण्यांत लहान मुले काम करीत, आणि त्यांतील कित्येक इतकी लहान असत की आज त्यांना आपण बालवाडीतून नुकतेच पहिलीत घातले असते. कमिशनने साक्षी घेतल्या, पाहणी केली, आणि शेवटी बहुसंख्य सभासदांचे मत पडले की कायद्याची जरुरी नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये मुलांच्या रक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदा तयार केला. तो मुंबईच्या कौन्सिलात मांडण्यासही त्यांना परवानगी मिळाली नाही. अखेर १८८१ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असे ठरविले, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे असे सांगितले.

या कायद्याला विरोध कोणी केला, हे आज वाचताना मन खट्टू होते. गिरणीमालकांनी केला, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनीही केला. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असेही नव्हे. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या कापडाची स्पर्धा नको होती, आणि या कायद्यासाठी विलायतेत जी ओरड चालली होती तिच्यामागे त्यांचा हात होता. म्हणून आपले लोक म्हणाले: हा देशी उद्योगाचा गळा दाबण्याचा डाव आहे. दुसरे म्हणाले: मूल मिळवून आणते ते आई-बापांना हवे आहे, सरकारने मध्ये पडण्याचे कारण काय? तिसरे म्हणाले: मुलाने सांभाळून काम केले म्हणजे झाले. हे तिन्ही युक्तिवाद नीट लक्षात ठेवावेत अशी आमची विनंती आहे. आज मोबाइलच्या बाबतीत ते जसेच्या तसे पुन्हा कानी पडतात. कंपन्यांवर बंधने घातली तर उद्योग बुडेल. घरच्यांनी दिला आहे मोबाइल, सरकारला काय करायचे आहे. आणि मुलानेच सांभाळून वागावे.

या गदारोळात मुलांच्या आणि मजुरांच्या बाजूने जो माणूस उभा राहिला, तो आपल्याच परिसरातल्या मुळाचा होता. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या घराण्याचे मूळ गाव. सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते स्वतः गिरणीत नोकरीस होते, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुटी मागितली होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि कामावर असताना इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा असेही म्हटले होते. या शेवटच्या मागणीत एक मोठा विचार दडलेला आहे. यंत्राने बोट तोडले तर दोष एकट्या बोटाचा नसतो. ज्याने यंत्र बसविले आणि त्यावर नफा कमावला त्याचाही त्यात वाटा असतो, हा तो विचार. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. हा मोठा विचार समाजाच्या अंगी मुरण्यास मात्र आणखी पुष्कळ वर्षे लागली.

पुढचा इतिहास म्हणजे एका आकड्याचा प्रवास आहे. १८८१ मध्ये सात, १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने चौदा. मूल कधी यंत्रापाशी उभे राहील, या वयाचा आकडा सात वर्षांवरून चौदा वर्षांवर जाण्यास सदुसष्ट वर्षे लागली. त्या काळात वयाचा दाखला हे एक मोठे प्रकरण होऊन बसले. जन्माची नोंद नसे. डॉक्टरने मूल पाहून वय ठरवावयाचे. मालकाला हात हवे असत, घराला पैसे हवे असत, आणि मुलाला मोठे म्हणवून घेण्याची हौस असे. मग वय वाढवून सांगण्यात तिघांचेही एकमत होई. एका मुलाने दोन कारखान्यांत दोन पाळ्या करण्याचे प्रकारही घडले. कायदा कागदावर होता आणि मूल यंत्रावर होते.

श्रोत्यांना येथे आपल्या घरातील एखादा प्रसंग आठवला असेल तर नवल नाही. समाजमाध्यमांवर खाते उघडताना जन्मसाल विचारले जाते. बहुतेक कंपन्या तेरा वर्षे पुरी असावीत असे सांगतात. दहा-अकरा वर्षांचे मूल हटून बसते, आणि बापच दोन-तीन वर्षे वाढवून साल टाकून देतो. तेराचा हा आकडा आला कोठून, हेही समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करावयाची तर पालकांची परवानगी घ्यावी, असे त्याने ठरविले. परवानगीची कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेराचा उंबरठा केला. तेराव्या वर्षी मूल या जगात सुरक्षित होते, असे कोणा वैद्याने किंवा शिक्षकाने सांगितलेले नाही. १८८१ च्या सात वर्षांच्या आकड्याला शहाणपणाचा जेवढा आधार होता, तेवढाच या तेराला आहे.

आता आपल्या नगराकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि मोरया गोसावींचे चिंचवड व चाफेकर बंधूंचे चिंचवड यांच्या शेजारी एक नवे जग उभे राहू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को आणि भोसरीस शेकडो लहान वर्कशॉपे झाली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या कांद्याच्या बाजाराशेजारी मोटारींचे कारखाने आले. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे आली. त्यांनी येथे घाम गाळला, आणि कित्येकांनी बोटेही गमावली. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्याची बोटे जाणे ही या पट्ट्यातली जुनी आणि आजही पुरती न संपलेली व्यथा आहे.

पूर्वी अशा अपघातानंतर एकच वाक्य ऐकू येई: ‘त्याचे लक्ष नव्हते.’ ते पुष्कळदा खरेही असे. परंतु दहा तास उभे राहिलेल्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच. म्हणून शहाण्या कारखानदारांनी आणि कायद्याने वेगळा मार्ग धरला. माणसाचे लक्ष ढळले तरी हात सुरक्षित राहील असे यंत्रच करावयाचे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. जाळी उघडी असेल तर यंत्र चालू होऊ नये. हात आत गेला तर प्रकाशाचा पडदा तुटून यंत्र जागीच थांबावे. ‘सांभाळून काम कर’ ही पाटी काढून टाकण्याचे कारण नव्हते. पण केवळ पाटीवर भरवसा ठेवण्याचे दिवस संपले.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तेविसावे कलम होते. तो कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. परंतु त्या कलमातील शहाणपण जुने होणारे नाही. किशोरवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावावयाचे असेल तर, असे ते कलम म्हणे, प्रथम त्याला त्या यंत्राचे धोके आणि घ्यावयाची काळजी पुरतेपणी समजावून सांगितली पाहिजे. शिवाय एकतर त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असले पाहिजे, किंवा यंत्राची पुरी जाण असलेला अनुभवी माणूस त्याच्यावर देखरेखीस असला पाहिजे. मुलाने यंत्राला हातच लावू नये असे येथे म्हटलेले नाही. तसेच, मुलाने आपले आपण पाहून घ्यावे असेही म्हटलेले नाही. सांगणे, शिकविणे, आणि शेजारी उभे राहणे, या तीन क्रिया त्यात आहेत. मुलाच्या हाती मोबाइल देताना यांतील किती क्रिया आपण केल्या, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

हे नवे यंत्र आपल्या घरात आले ते हळूहळू, आणि एकदम, दोन्ही प्रकारांनी आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढची काही वर्षे ते सायबर कॅफेत जाऊन, तासाचे पैसे मोजून पाहण्याची वस्तू होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा चहापेक्षा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या, आणि काल ज्या मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतला जात होता त्यालाच आज तो शाळेसाठी हाती द्यावा लागला. मोशी-चिखलीच्या दोन खोल्यांच्या घरात, जेथे बाप दुसऱ्या पाळीला आणि आई पॅकिंगच्या कामाला, तेथे हे यंत्र मुलापाशी एकटेच राहिले. फिटरचे काम शिकताना मुलाला मिस्त्री असतो. या यंत्रापाशी त्याला कोणी मिस्त्री मिळाला नाही.

या यंत्राचे फिरते भाग कोणते, हे कामगाराच्या नजरेने पाहू. पहिला भाग कधी न थांबणारा पट्टा. पूर्वी पान संपे, मग पुढचे पान उघडावे लागे. त्या क्षणी माणूस भानावर येई. २००६ च्या सुमारास अझा रस्किन या अमेरिकन तज्ज्ञाने पान संपतच नाही अशी रचना केली, आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. दुसरा भाग म्हणजे घंटा. मूल अभ्यासास बसले की ती वाजते, कारण मूल पडद्याकडे परत येण्यावरच मालकाचा नफा अवलंबून असतो. तिसरा भाग म्हणजे अनोळखी माणसाला थेट मुलापर्यंत पोहोचविणारे दार. खेळ खेळता खेळता गप्पा होतात, मैत्री होते, चित्रे मागितली जातात, आणि मग ती चित्रे गावभर करण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी चित्रे मागितली जातात. पलीकडे समवयस्क मुलगी म्हणून बोलणारी व्यक्ती प्रत्यक्षात कोण आहे, हे मुलाला कळण्यास मार्ग नसतो. चौथा भाग पैशाचा. डाव लावण्याच्या खेळांनी मोठ्या माणसांची घरे धुऊन नेली, तेथे मुलांची काय कथा! या खेळांना मनाई करणारा कायदा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला.

या धोक्यांची किंमत केवळ पैशांत मोजण्यासारखी नाही. २०२४ च्या जुलैअखेर आपल्याच नगरातील एका शाळकरी मुलाने जीव दिला. तो एका खेळात गुंतला होता, आणि पडद्यामागे काय चालले आहे याचा घरच्यांना थांगपत्ता लागला नव्हता, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. त्या मुलाचे नाव घेण्याचे कारण नाही, आणि अशा घटनेला एकच कारण असते असे समजणेही चुकीचे ठरेल. परंतु त्या आठवड्यात कित्येक घरांत आई-बापांनी झोपलेल्या मुलाच्या दाराशी उभे राहून जो विचार केला असेल, तो या व्याख्यानाचा खरा विषय आहे. बंद दाराआड मूल काय सोसते आहे, हे आपल्याला कळेल कसे?

यावर लोक सुचवितात तो पहिला उपाय म्हणजे बंदी. महाराष्ट्रात त्याचा प्रयोग झालेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी करण्याचा ठराव केला. त्यामागची कळकळ खरी होती. ऑस्ट्रेलियानेही सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये असा कायदा केला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलात आणला. तेथे जबाबदारी कंपनीवर आहे. मुलाला किंवा पालकाला दंड नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. मुलाला दंड करणारी बंदी मुलाला लपण्यास शिकविते, आणि लपलेले मूल संकटात सापडले म्हणजे मदत मागू शकत नाही.

बंदीचे दुसरेही एक संकट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि दुसरीने त्या आवडल्याची खूण केली होती. पुढे ते प्रकरण मागे पडले, आणि ज्या ६६अ कलमाचा त्यात आधार घेतला होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. रक्षणाच्या नावाखाली तोंड बंद करण्याची सवय समाजाला फार लवकर लागते, आणि तिचा पहिला भार मुलींवर पडतो. मुलगी मोबाइलवर बोलताना दिसली म्हणजे तिचे शिक्षण थांबवावयाचे, हे रक्षण नव्हे. जाळी ही हात वाचविण्यासाठी असते; कामगाराला हातकडी घालण्यासाठी नसते.

दुसरा प्रयोग सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील बायकांच्या सभेत विचार झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून गावाने एक रिवाज सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. दूरदर्शन आणि मोबाइल बंद होतात. दीड तासाने पुन्हा भोंगा वाजतो. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, आणि मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. यातील मर्म दीड तासात नाही. भोंगा सर्वांसाठी वाजतो, बापासाठीही वाजतो, यात ते आहे. आमच्या पट्ट्यातील माणसाला भोंग्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भोंगा वाजला म्हणजे यंत्र माणसाचे मालक राहत नाही. लोखंड्यांनी मागितलेला दुपारचा अर्धा तास आणि वडगावचा हा दीड तास एकाच जातीचे आहेत.

मग आपण काय करावे? इतिहासाचा कौल पाहिला तर कामाची तीन ठिकाणी वाटणी करावी लागेल. यंत्राची जाळी ही मालकाची जबाबदारी, आणि ती बसविली आहे की नाही हे पाहणे सरकारचे काम. कायदे अगदीच नाहीत असे नाही. मुलांना लैंगिक हेतूने जाळ्यात ओढणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ब कलम २००९ पासून लागू आहे. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्यात तर, मुलाचे खरे किंवा बनावट चित्र प्रसृत करण्याची धमकी हाही गुन्हा धरला आहे. म्हणजे आज यांत्रिक बुद्धीने जी बनावट चित्रे होतात, तीही त्यातून सुटत नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकाची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखविता येणार नाहीत, असे ठरविले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. १८८१ चा अनुभव असा की, कायदा झाला म्हणून निजता येत नाही. तपासनीस लागतो, आणि तपासनिसाला जाब विचारणारे नागरिक लागतात.

दुसरी जागा मिस्त्रीची, म्हणजे घरातल्या मोठ्यांची आणि शिक्षकांची. नव्या उमेदवाराला कोणी पहिल्या दिवशी मोठ्या प्रेसवर उभे करीत नाही. पहिल्या वर्षी मोबाइल बाहेरच्या खोलीत वापरावा, रात्री तो मुलाच्या उशाशी नसावा, खात्याच्या खासगीपणाची व्यवस्था मुलाबरोबर बसून लावावी, आणि विश्वास वाढेल तशी दोरी सैल करावी. मूल ज्या खेळात रमते तो एकदा त्याच्याकडून शिकून घ्यावा. मिस्त्रीला यंत्र येत नसेल तर त्याची देखरेख व्यर्थ होय.

चांगल्या कारखान्यात आणखी एक वही असते. अपघात झाला नाही, पण थोडक्यात टळला, तर तो कामगाराने त्या वहीत लिहावयाचा. आणि लिहिल्याबद्दल त्याला शिक्षा करावयाची नाही. कारण ज्या दिवशी शिक्षा होईल, त्या दिवसापासून कोणी लिहिणार नाही, आणि पुढचा खरा अपघात न कळता येईल. घरात अशी वही हवी. म्हणजे कागदाची नव्हे, तर शब्दाची. ‘तुझ्याकडून काहीही चूक झाली असली तरी मला येऊन सांग, मी मोबाइल हिसकावणार नाही, आधी तुझ्या बाजूने उभा राहीन,’ हे वाक्य प्रत्येक आई-बापाने मुलाला एकदा स्वच्छ सांगावे, आणि वेळ आल्यावर पाळावे. धमकी देणाऱ्याचे सारे बळ एका गोष्टीत असते: मूल घरी सांगणार नाही, याची त्याला खात्री असते. ती खात्री मोडली की त्याचे अर्धे बळ सरते. मग पैसे देऊ नयेत, संभाषण पुसून टाकू नये, आणि पोलिसांकडे जावे. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०, संकटातील मुलांसाठी १०९८, आणि मन खचले असेल तर १४४१६ हे क्रमांक आहेत. ते घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

तिसरी जागा खुद्द मुलाची. केवळ जपून ठेवण्याची वस्तू म्हणून आपण मुलांकडे पाहिले तर ती जबाबदार होणार नाहीत. यंत्र चालविणाऱ्याला शेजारच्याच्या हाताचीही काळजी घ्यावी लागते; दुसऱ्याचा हात आत असताना बटण दाबणारा निष्काळजी नव्हे, अपराधी असतो. वर्गातील मुलीचे चित्र बिघडवून पुढे पाठविणारा, एखाद्याला सगळ्यांनी मिळून छळण्याच्या गटात हसण्याची एक खूण टाकणारा, ऐकीव अफवा पुढे ढकलणारा मुलगा असाच बटण दाबत असतो. मोठ्यांनी हे मुलांना सांगण्यापूर्वी स्वतःच्या सोसायटीच्या आणि नात्यागोत्याच्या गटांवर आपण काय ढकलतो, ते पाहिले पाहिजे. मुले भाषणापेक्षा हाताकडे अधिक पाहतात. आणि मुलांचे ऐकणे मुलांना सोपे जाते, हेही विसरू नये. दहावीतल्या मुलांनी सहावीतल्या मुलांना शिकवावे, अशी व्यवस्था प्रत्येक शाळेस करता येईल.

एक अडचण आम्ही डोळ्यांआड करीत नाही. तीन पाळ्यांच्या घरात मिस्त्री होण्यास वेळ कोणाला आहे? ज्याच्या घरी निवांतपणा आहे त्याला उपदेश करणे सोपे. चाकणच्या कंत्राटी कामगाराला तो ऐकवताना लाज वाटली पाहिजे. म्हणून हे काम एकट्या घरावर टाकता येत नाही. वडगावात ते गावाने केले. आपल्या येथे गणेश मंडळे आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, अभ्यासिका आहेत, कामगार संघटना आहेत, आणि दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन पाळणारे मोठे कारखाने आहेत. त्या दिवशी कामगाराला शिरस्त्राणाची शपथ देतात. त्याच सभेत अर्धा तास त्याच्या घरातल्या मुलाच्या मोबाइलवर बोलले गेले, आणि बोलणाऱ्याने कामगाराच्या भाषेत, जाळीच्या आणि भोंग्याच्या भाषेत ते सांगितले, तर कंपनीचे काही नुकसान होणार नाही.

१८७५ चे कमिशन उठले तेव्हा त्याच्या बहुसंख्य सभासदांना वाटले असेल की आपण व्यवहारी निर्णय घेतला. गिरणीतली मुले दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पुन्हा कामावर गेली. पुढे जे आकडे वाढले, जाळ्या बसल्या, सुट्या मिळाल्या, त्यांतील कोणतीही गोष्ट त्या मुलांच्या उपयोगी पडली नाही. त्यांचे बालपण तोवर संपले होते. सात वर्षांवरून चौदा वर्षांवर येण्यास समाजाने सदुसष्ट वर्षे घेतली. आज तेरा वर्षांचे असलेले मूल आणखी पाच वर्षांत अठराचे होईल. आपल्याला मिळालेला अवधी तेवढाच आहे.